मोठेबाबा आणि आडव्या सीटा

आमच्या दारात उभी असलेली गाडी पाहून लोक आधी कौतुक करतात, मग आत डोकावतात आणि गप्प होतात. बाहेरून गाडी रुबाबदार आहे. उंच, चौकोनी, जाड टायरांची. गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा आहे, तो ओढला की चारही चाकं जोर लावतात आणि गाडी नाल्यातून, चिखलातून वर येते, असं कंपनी सांगते आणि तो दांडा वेळेवर आठवला तर खरंही आहे. पण आत स्क्रीन नाही. छताला काच नाही. पायाखाली गालिचा नाही, साधं रबर आहे. आणि मागे पाहावं तर दोन आडव्या सीटा, समोरासमोर, जुन्या पॅसेंजर जीपमध्ये असायच्या तशा.

"सर, एवढी गाडी घेतली अन् बेस मॉडेल?" असं आमच्या स्टाफरूममध्ये मला विचारलं जातं. विचारणाऱ्याचा सूर एखाद्याच्या घरी पुरणपोळीला बोलावून वरण-भात वाढल्यासारखा असतो. मी म्हणतो, "मोठेबाबांनी पसंत केली." ज्यांनी मोठेबाबांना पाहिलं होतं ते यावर पुढे काही विचारत नाहीत. मोठेबाबा गेल्या हिवाळ्यात गेले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं.

मी लाखनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. म्हणजे डोंगर, दऱ्या, नद्या यांच्याशी माझा संबंध फळ्यापुरता. घर ते कॉलेज हा रोजचा प्रवास सगळा डांबरी, आणि त्यातलं सर्वांत मोठं साहस म्हणजे हायवेवरच्या ट्रकांच्या रांगेतून उजवीकडे वळणं. अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं वेड लागलं. जेवण झालं की मी मोबाईलवर चिखलात फसलेल्या आणि सुटलेल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहत बसायचो. "तुमची चप्पल चिखलात फसली तं तुमी चार लोकाईले आवाज देता," माझी बायको सुनंदा म्हणायची, "अन् आता गाडी फसवाची हौस आली."

ही गाडी तीन प्रकारांत मिळायची. वरच्या मॉडेलमध्ये सगळं होतं: मोठी स्क्रीन, छताला उघडणारी काच, मऊ सीटा, सगळ्यांची तोंडं पुढे. खालच्या मॉडेलमध्ये इंजिन तेच, चारही चाकांचा जोर तोच, बाकी काहीच नाही. मधल्या मॉडेलबद्दल कोणीच बोलत नव्हतं. मी तीन भावंडांत मधला असल्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मला वरचंच हवं होतं, आणि छताच्या काचेबद्दल मी स्टाफरूममध्ये आधीच बोलून बसलो होतो.

पण आमच्या गावात, नाकाडोंगरीच्या अलीकडे, मोठेबाबांना न दाखवता कोणी गाडी घेत नसे. ट्रॅक्टर असो, ऑटो असो, नव्या सुनेची स्कूटी असो. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, देवाजी. सगळा मुलूख त्यांना देवाजी डायवर म्हणायचा. तुमसर ते नाकाडोंगरी आणि पुढे खाणींपर्यंत त्यांनी उभा जन्म पॅसेंजर जीप चालवली. त्यांचा उजवा हात डाव्या हातापेक्षा दोन छटा काळा होता, कारण तो आयुष्यभर खिडकीबाहेर राहिला. गळ्यात दुपट्टा. शर्टाच्या खिशात कायम एक लिंबू. ज्याला गाडी लागते त्याचा चेहरा त्यांना आरशात त्याच्याही आधी कळायचा, आणि लिंबू न बोलता मागे सरकवलं जायचं.

दुसरे ड्रायव्हर हॉर्न वाजवून, आरडाओरडा करून सवारी गोळा करायचे. मोठेबाबा हॉर्न वाजवत नसत. ते म्हणायचे, "ज्याले जाचं हाय थो येते. ज्याले नाई जाचं, थ्याच्या कानात कायले बोंबलू?" गाडी भरली की ते खाली उतरायचे, मागच्या दाराशी उभे राहायचे आणि आत पाहायचे. धानाच्या लावणीला, रोवण्याला आलेली बाई बांधीत उतरण्याआधी एकदा चिखल पाहून घेते, तसे. मग त्यांचं ते एकच वाक्य यायचं.

"सरका जी जरासे."

हे वाक्य मी लाखभर वेळा ऐकलं असेल. त्यातला 'जी' सगळ्यांना सारखा होता. पोलिसाला 'जी', सुकी मासळी विकणाऱ्या बाईला 'जी', तिच्या कडेवरच्या नाक गळणाऱ्या लेकराला 'जी'. आणि नुसतं सरकवून ते थांबत नसत. ह्याला इकडे, तिला तिकडे, म्हाताऱ्याला कोपरा, गरोदर बाईला चाकापासून लांब. आडव्या सीटा समोरासमोर असल्यामुळे सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे, आणि कोणाचे गुडघे कोणाला लावायचे ते मोठेबाबा ठरवायचे.

एकदा एक सासू आणि सून चढल्या. सासू पुढच्या टोकाला, सून मागच्या टोकाला, दोघींची तोंडं बाहेर. मोठेबाबांनी तीन माणसं हलवली आणि दोघींना अगदी समोरासमोर आणून बसवलं. सासू म्हणाली, "मले हिचं थोबाड पाहाचं नाई." मोठेबाबा म्हणाले, "नोको पाहू न, माय. डोळे मिटून बस. तिकीट तेवढंच लागते." निम्म्या वाटेत रस्त्यावरच्या खड्ड्याने दोघींची डोकी एकमेकींवर आपटली, आणि आधी सुनेला हसू आलं, मग सासूला. तुमसरला उतरताना सासूची पिशवी सुनेच्या हातात होती आणि सुनेची छत्री सासूच्या. मोठेबाबा यावर एवढंच म्हणाले, "मानूस समोर बसला का थ्याले लाज येते. बाजूले बसला तं नाई येत."

दुसरी गोष्ट आमच्या मोहल्ल्यात अजून सांगतात. गावातल्या मोठ्या घरचे एक म्हातारे पाटील फक्त पुढच्या सीटवर बसायचे. पुढची सीट म्हणजे मान. तिथे पाटील, पोलीस, मास्तर, असा जणू कायदा होता. आमचे आजोबा जन्मभर जीपच्या मागे लोंबकळत किंवा टपावर पोत्यांसोबत गेले. त्या दिवशी पुढे एक आजारी माणूस आडवा होता, म्हणून मोठेबाबांनी पाटलांना मागे बसवलं, आणि समोर आमच्या मोहल्ल्यातली, खाणीवर कामाला जाणारी एक बाई, मांडीवर लेकरू. पाटलांनी आपली काठी दोघांच्या गुडघ्यांमध्ये आडवी धरली. लेकराला काठी दिसली. त्याने ती पकडली, चावली, ओढली, तिच्यावर बोबडं काहीतरी बोलला. नाकाडोंगरी येईपर्यंत काठी लेकराकडे होती आणि पाटील त्याला ती कशी धरायची ते शिकवत होते. उतरण्याच्या गडबडीत काठी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी पाटील ती घ्यायला आमच्या मोहल्ल्यात आले, स्वतः, आणि चहाला थांबले. असं त्याआधी झालं नव्हतं.

एवढ्या लोकांना समोरासमोर बसवणाऱ्या माणसाचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं.

तो भाऊ म्हणजे माझे वडील. ते आमच्या घराण्यातले पहिले नोकरदार, प्राथमिक शाळेचे गुरुजी. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, आणि बाबांचं बोलणंही घरात, दारात, अंगात ताप असतानासुद्धा छापील असतं. शाळेत रुजू व्हायच्या दिवशी मोठेबाबांनी त्यांना जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं. तिथे दोन माणसांची जागा असते, पण त्या दिवशी त्यांनी दुसरं कोणी बसू दिलं नाही. "आज हे सीट गुरुजीची," म्हणाले. आजोबा जन्मभर टपावर गेले आणि त्यांचा मुलगा इस्त्रीच्या शर्टात पुढे, हे सगळ्या गावाने पाहावं म्हणून जीप त्या दिवशी चालण्याच्या वेगाने गेली म्हणतात. पुढे रोज सकाळी ती सीट बाबांसाठी राखलेली असायची.

मी बारावीत होतो तेव्हा ते मोडलं. मी त्याच जीपमध्ये मागे बसलो होतो. पुढे बाबा, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या शाळेची तपासणी करायला निघालेले साहेब. तुमसरच्या दवाखान्यातून सुटलेली एक पोरगी बाळ घेऊन उभी होती, पोटाचे टाके ओले. मागच्या सीटवरचे धक्के तिला सोसणार नव्हते, तिला पुढची जागा हवी होती. मोठेबाबा पुढच्या दाराशी आले. साहेबांकडे त्यांनी पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सरका जी जरासे. मांग या."

'जी' सगळ्यांना सारखा होता हे मी वर लिहिलंच आहे. त्या दिवशी तो सख्ख्या भावालाही मिळाला, परक्या सवारीसारखा. बाबा उतरले, पण मागे चढले नाहीत. हातातली बॅग सावरत शाळेच्या दिशेने चालायला लागले. जीप त्यांच्या बाजूने पुढे गेली. मोठेबाबांनी गाडी हळू केली, पण बाबांनी वर पाहिलं नाही.

त्यानंतर आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला तोंड फुटलं आणि ते तोंड म्हणजे मी. "त्यांना सांग, त्यांची कोंबडी आमच्या वाफ्यात आली आहे." "तुह्या बापाले सांग, कोंबडीले वाचता येत नाई." लग्नं झाली, बारशी झाली, दोघं एकाच मांडवात वाढायला उभे राहिले, पण बोलले नाहीत. माझी आई गेली तेव्हा मोठेबाबा बाबांच्या मागे उभे होते, अगदी जवळ. बाजूला होते, समोर आले नाहीत.

मग मोठेबाबांचे डोळे गेले. म्हणजे सगळे नाही. एका सकाळी डावीकडून आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. कोणाला काही लागलं नाही, सायकलवाल्याला कळलंही नाही. मोठेबाबांनी सवाऱ्या दुसऱ्या गाडीत बसवून दिल्या, जीप स्टँडवर लावली आणि चालत घरी आले. किल्ली मोठीआईच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या हातात दिली. "साखरेच्या डब्यात ठेव," म्हणाले, "मले सापडली नाई पाह्यजे." भंडाऱ्याच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. बाजूचं गेलं, समोरचं उरलं आहे, औषध टाकत राहा, पण हळूहळू तेही आवळत येईल. मोठेबाबांनी हे आम्हाला समजावून सांगितलं. "बासरीतून पाहिल्यावानी दिसते. बासरी बारीक होऊन राहिली." पुढे जीप भंगारात गेली, आणि ते ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. आवाजावरून गाडी ओळखायचे. 'सरका जी' म्हणायला समोर कोणी नव्हतं. जो माणूस सगळ्यांशी बोलायचा, तो आता दिवसभरात मोजकं बोलायचा.

बाबांना भिंतीपलीकडून एवढंच माहीत होतं की त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी झालं आहे. त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मीही कधी नीट सांगितलं नाही.

तर गाडी पाहायला आम्ही भंडाऱ्याला गेलो ते भाड्याच्या गाडीने. मोठेबाबा तर सोबत हवेच होते, आणि "मुलाची गाडी आहे" म्हणून बाबाही निघाले. बाबा पुढे, मोठेबाबा मागे माझ्या आणि सुनंदाच्या मध्ये. वाटेत ड्रायव्हरने गाणी लावली, मग बंद केली.

शोरूममध्ये टापटीप कपड्यांतली एक मुलगी आम्हाला दाखवायला आली. मी थेट वरच्या मॉडेलमध्ये जाऊन बसलो. स्क्रीनवर होकायंत्र होतं. गाडी किती अंशांत कलली ते दिसत होतं. समुद्रसपाटीपासूनची उंची दिसत होती! भंडारा शहर समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं, पण ते मला कोणी असं उजेडात लिहून दाखवलं नव्हतं. मी छताची काच उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली. सुनंदा म्हणाली, "आता डोकं बाहीर काढू नका, लोक पाहून राहिले."

मोठेबाबांनी स्टीअरिंगला हात लावला नाही. पुढची सीट दुमडून त्यांना मागे बसवावं लागलं. ते बसले. हात पुढे नेला. हाताला सीट लागली.

"अरुण्या, माह्या समोर काय हाय?"

"पुढच्या सीटची पाठ आहे, मोठेबाबा."

"थेच म्हनलो," म्हणाले, आणि उतरले.

मग खालचं मॉडेल. त्यात मागच्या दाराने चढता येत होतं. ते चढले, आडव्या सीटवर हात फिरवला, बसले. मान कोंबडीसारखी थोडी थोडी हलवत त्यांनी दारातल्या मुलीला आपल्या बासरीत पकडलं.

"बाई, या जी. बसा समोर."

ती मुलगी गोंधळली, पण बसली. "कोन्या गावची?" ती पवनीकडची निघाली. वडील ट्रकवर होते. आईचं ऑपरेशन होतं आणि तिला सुट्टी मिळत नव्हती. हे तिने आम्हाला सांगितलं नसतं, मोठेबाबांना मात्र गुडघ्याला गुडघा लागल्यावर सांगितलं. तोवर मी छताच्या काचेसोबत एकटाच उभा होतो.

"हे घे," मोठेबाबा म्हणाले.

"पण मोठेबाबा, यात काहीच नाही!"

"काहीच नाई कसं? मानूस हाय न."

बाबा दुसऱ्या गाडीच्या आरशात आपले केस नीट करत होते. न वळता म्हणाले, "त्यांना सांग, ही घरची गाडी आहे. पॅसेंजरची नाही."

"तुह्या बापाले सांग," मोठेबाबा आतून म्हणाले, "डायवर सोडला तं गाडीत सारे पॅसेंजरच बसतात."

परतताना हायवेवर चहाला थांबलो. बाबा आणि सुनंदा टपरीवर गेले, मी कप घेऊन गाडीत मोठेबाबांजवळ आलो आणि जरा चिडूनच विचारलं, की इंजिन तेच आहे, जोर तोच आहे, मग मी वरचं का घेऊ नये? त्यांनी चहा बशीत ओतला. बशी बासरीत आणायला त्यांना वेळ लागला.

"वरची मस्तच हाय," म्हणाले. "तुही हौस हाय, तू घे. मी नाई म्हनत नाई. पन थ्याच्यात मी बसीन तं मले सीटची पाठ दिसन. मले आता समोरचंच दिसते, अरुण्या. अन् थेही जाऊन राहिलं. जाच्या पहिले एकडाव तुह्या बापाले समोर बसवून पाहाचं हाय."

मी टपरीकडे पाहिलं, बाबा अजून तिथेच होते.

"थ्या दिवशी साहेबाले उठवाले पाह्यजे होतं. पाटलाले म्हनलो, पोलिसाले म्हनलो, थ्या साहेबाले जीभ नाई वळली. काहून, तं तुह्या बापाची शाळा थ्याच्या हाती होती. थो रागावला तं तुह्या बापाले कोठी फेकून देते, का भरोसा? म्हनून आपल्याले उठवलं. आपला मानूस समजून घेईन म्हनलो." चहा संपवला. "नाई समजला. माह्याच मुखातून थे 'जी' निंगालं न."

"मी सांगू बाबांना?"

"नोको. जलमभर तूच तं सांगून राहिला. हे मी सांगीन. समोर बसल्यावर."

मी खालचं मॉडेल बुक केलं. स्क्रीनवरची ती उंची अजून कधीकधी आठवते. सुनंदाने कारण ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "चांगलं केलं. तुमी समुद्रसपाटीवरच बरे."

गाडी घरी आली तेव्हा पाऊस सरत आला होता आणि बांध्यांमध्ये धान पोटरीत, म्हणजे लोंब्या फुटायच्या बेतात होतं. पहिली फेरी ठरली ती जंगलापलीकडे, आत्याच्या गावाला. तिच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. मधल्या नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशी पुलावरून पाणी जात असतं, त्यामुळे साध्या गाड्या तिकडे जात नाहीत. माझ्या दांड्याला शेवटी काम मिळणार होतं.

सकाळी निघायला मी गाडी दोन्ही घरांच्या मध्ये लावली. मोठेबाबा आधीच मागे चढून आडव्या सीटवर बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांच्या समोर सुनंदा आणि आमची मुलगी रश्मी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पुढच्या सीटवर बसले. मग मोठीआई आली. तिच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली. काठी टेकत ती मागच्या दाराशी गेली, पायरीकडे पाहिलं, आणि तिथेच उभी राहिली. मागे चढणं तिला शक्यच नव्हतं.

सगळे थांबले. मी किल्लीशी उगाच खेळत होतो. मागे आरशात मला मोठेबाबा दिसत होते. काठीचा आवाज कुठे थांबला ते त्यांना कळलं होतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. पण ज्या माणसाने जन्मभर सगळ्या मुलखाला सरकवलं, तो तोंड मिटून बसला.

बाबांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा मोठीआईच्या गुडघ्यांकडे. मग दार उघडलं. "वहिनी, तुम्ही इथे बसा," म्हणाले, आणि मागे गेले.

पण समोर बसले नाहीत. मोठेबाबांच्याच सीटवर, अगदी दाराच्या टोकाला, तोंड काचेकडे करून बसले. रश्मीने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी काढली.

जंगलाचा रस्ता लागला, मग रपटा. पाणी घोट्यापेक्षा जरा वर होतं. इतके व्हिडिओ पाहिलेला मी ऐटीत गाडी पाण्यात घातली आणि पलीकडच्या चढावर, गाळात, गाडी एका जागी गुरगुरत उभी राहिली. चाकं फिरत होती, झाडं तिथेच होती.

"अरुण्या," मागून आवाज आला, "लहान दांडा दाखवासाठी ठेवला का?"

मी दांडा ओढला. गाडी हिसका देऊन वर चढली. त्या हिसक्याने मागे सगळे एकमेकांवर गेले. बाबांना लहानपणापासून गाडी लागते. त्यांचा चेहरा उतरला हे मी आरशात पाहिलं. ते एक शब्द बोलले नव्हते, पण त्यांचा श्वास मोठेबाबांनी ऐकला असावा. त्यांचा हात खिशात गेला. लिंबू बाहेर आलं.

"घे," मोठेबाबा म्हणाले.

हात पुढे होता. पुढे कोणीच नव्हतं. रश्मी आणि सुनंदाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे ते लिंबू धरून बसले होते, आणि बाबा त्यांच्या बाजूला होते, हातभर अंतरावर.

"घे न गा. चढला नाई का तू?"

बाबा त्या हाताकडे पाहत राहिले. मी गाडी हळू केली. बाबांनी आपली मान जरा पुढे आणली, मोठेबाबांच्या चेहऱ्याजवळ, बाजूने. मोठेबाबांना ते दिसले नाहीत. लिंबू तसंच हवेत.

बाबा उठले. चालत्या गाडीत, छताला डोकं लागू नये म्हणून वाकून, एका हाताने कडी धरून.

"सरक व जराशी, रश्मी," म्हणाले.

छापील मराठीतलं नव्हतं ते. रश्मी सरकली. बाबा तिच्या जागी बसले, मोठेबाबांच्या बरोबर समोर, गुडघ्याला गुडघा. लिंबू घेतलं.

"दादा, दिसलो का?"

मोठेबाबांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे, आणि थांबले. बराच वेळ पाहिलं.

"दिसला," म्हणाले. "बुढा झाला लेका."

पुढच्या सीटवर मोठीआईने पदर डोळ्यांना लावला. मोठेबाबा घसा खाकरून म्हणाले, "थ्या दिवशी साहेबाले..."

"राहू दे, दादा. थ्या बाईचे टाके ओले होते, मले दिसत होतं न."

"तरी सांगू दे. लय दिवसाचं हाय."

"मंग सांग. गाव दूर हाय अजून."

आरशात मला दोन पांढरी डोकी दिसत होती, एकमेकांकडे झुकलेली, खड्ड्यागणिक एकदम हलणारी. मोठेबाबा म्हटलं की मला ते तसेच दिसतात. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. डावं चाक रस्त्याच्या कडेला उतरलं आणि सगळी गाडी कलली.

"अरुण्या," मोठेबाबा मान न वळवता ओरडले, "तू कायले मांग पाहून राहिला? तुहं तिकडे हाय. समोर पाह."